कपाटाची किल्ली आता तुझ्याकडे आहे

प्रिय,

पत्र पोचलं. तिसरीचा वर्ग, दुपारची शाळा, आणि त्यात ग्रंथालयाचा चार्ज. नव्या शिक्षकाच्या गळ्यात तो पडतो याचं कारण काय ते तुला कळलंच असेल, बाकी कोणी घेत नाही! मोठ्या बाईंनी किल्ली देताना ‘पुस्तकं मोजून घे, एकही कमी होता कामा नये’ असं बजावलं, हे तू लिहिलंस. त्याच पत्रात पुढे विचारलंस की मुलांना वाचनाची गोडी लावायला कोणकोणते उपक्रम घेऊ. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत बघ. पहिलं तंतोतंत पाळलंस तर दुसऱ्याचं काही होणार नाही.

उपक्रमांची यादी नंतर कधीतरी. आधी पुस्तकं घरी जाऊ देत.

तुझ्या वर्गातल्या चार-पाच मुलांची घरं डोळ्यांसमोर आण. दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा, एका कोपऱ्यात मोरी. टीव्ही आहे, आईचा मोबाइल आहे, देवाचं कॅलेंडर आहे. पण लहान मुलाने हातात धरावं असं छापलेलं काही असेल तर ते पाठ्यपुस्तक, आणि ते उघडलं की कोणीतरी प्रश्न विचारणार हे त्याला ठाऊक असतं. शाळेत तू आठवड्याला एक वाचनतास देशील. त्यातली दहा मिनिटं रांग लावण्यात आणि पाच मिनिटं ‘बाई, त्याने माझं घेतलं’ यात जातील. उरलेल्या वेळात ओळख होते. गोडी लागते ती घरी, पालथं पडून, तेच पान सातव्यांदा उघडताना, कोणी काही विचारत नसताना. शिवाय घरी गेलेलं पुस्तक एकट्या त्या मुलाचं राहत नाही. बालवाडीतला भाऊ ते ओढतो, आजी चित्रं बघते, आई भाकऱ्या थापता थापता ‘मग पुढे काय झालं?’ विचारते. ज्या घरात कोणी वाचणारं नाही तिथे तुझी तिसरीतली मुलगी घरातली वाचून दाखवणारी होते. हा मान तिला वर्गात पहिला नंबर येऊनही मिळत नाही.

आता तुझी भीती. पुस्तक हरवलं तर? फाटलं तर? ऑडिटला काय सांगायचं? पगारातून कापतील का? ही भीती खोटी नाही. कपाटं कुलूपबंद राहतात ती बहुतेक याच धाकाने, शिक्षकांच्या आळसाने नव्हे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर काम करून ठेव. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक सोय आहे: दिल्या-घेतल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ झाली, आणि त्यात कोणाची लबाडी किंवा हलगर्जी नसली, तर ते वाजवी धरायचं. तो नियम तुझ्या शाळेला थेट लागू नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो वाचून दाखव आणि म्हण, ‘मोठमोठ्या ग्रंथालयांना सरकार एवढी सूट देतं, आपली मुलं तर आठ वर्षांची आहेत.’ मग ठराव लिहून घे: पुस्तकं घरी दिली जातील, वापरून झिजलेल्या आणि गहाळ झालेल्या पुस्तकांचं वर्षअखेरीला रीतसर निर्लेखन होईल (म्हणजे ती नोंदीतून कमी केली जातील), विद्यार्थ्यांकडून दंड घेतला जाणार नाही. इतिवृत्तात हे तिन्ही मुद्दे आले पाहिजेत, खाली सह्या. मोठ्या बाई तुझ्या शत्रू नाहीत. त्यांना सहीची जागा दाखव, त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

दंडाचं मुद्दाम सांगते. पुस्तकाचे पैसे भरावे लागतील एवढं कानावर आलं, की आई मुलाला बजावते, ‘उद्यापासून आणू नकोस, शाळेतच ठेव.’ एक पुस्तक वाचवायच्या नादात एक वाचक गेला. आपल्याकडचे थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम ‘पुस्तकं वापरण्यासाठी असतात’ हा आहे. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली, तर युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत, आणि साखळ्या गेल्या तरी ती वृत्ती गेली नव्हती. आपल्याकडे साखळी नाही, लोखंडी कपाट आहे.

ते कपाट एकदा पूर्ण रिकामं कर. काय सापडेल ते मी न बघता सांगू शकते. थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रं, कोणाच्या तरी निवृत्तीनिमित्त भेट आलेले ग्रंथ, सामान्यज्ञानाच्या जुन्या प्रश्नमंजूषा, एकाच पुस्तकाच्या वीस प्रती, आणि तळाला, अजून कोरी करकरीत, चार-सहा चित्रांची पुस्तकं, कारण ‘मुलं फाडतील’. ती तळातली वर काढ. मोठ्यांचे ग्रंथ वरच्या फळीवर जाऊ देत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हटलं आहे, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गोष्टीची पुस्तकं मागताना आपण लाड मागत नाही. अर्ज लिहिताना हे वाक्य वापर.

पहिली-दुसरीसाठी जोडाक्षरं नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या गोष्टी वेगळ्या काढ. ‘क’ला काना शिकून नुकतंच धीट झालेलं मूल पहिल्याच ओळीत ‘ज्योत्स्ना’ला अडखळलं, की पुस्तक मिटतं. पण पुस्तकांवर इयत्ता लिहू नकोस. चौथीतला मुलगा अजून अडखळत वाचत असेल, तर ‘पहिलीचं पुस्तक’ हातात घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नुसती रंगाची पट्टी लाव, कोणता रंग सोपा हे मुलांना आठवड्याभरात आपोआप कळतं. आणि कोणी सोपं पुस्तक चौथ्यांदा नेलं, तर नेऊ दे.

पैसे नाहीत म्हणालीस. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मुलांची पुस्तकं आजही परवडतात. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून स्टेपल केल्या तरी चालतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंकही आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. तिसरी-चौथीतली जरा तयार मुलं त्यावर पोसली जातील. किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, पण तिथे लहान मुलांची मराठी पुस्तकं हाती लागणं नशिबाचा भाग. तुझा सगळ्यात जवळचा साठा तर एका जिन्यावर आहे. आपल्या मुंबईत महापालिकेच्या एकेका इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. वरच्या मजल्यावरच्या हिंदी शाळेशी पुस्तकांची अदलाबदल कर. तुझ्या वर्गात घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलणारी मुलं असणारच. लिपी एकच, त्यामुळे ती हिंदी पुस्तक भराभर वाचतील. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. वाचणारं मूल मराठीकडे येतंच, न वाचणारं कुठेच जात नाही.

आता वर्गात काय करायचं. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखव, दुपारच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर, मुलं घामाघूम होऊन येतात तेव्हा. सतरंजीवर जवळ बसव. तू उंच खुर्चीत नको, मुलांना पुस्तक बघायला मान वर करावी लागू नये. पुस्तक छातीच्या एका बाजूला, पानं मुलांकडे तोंड करून धर. त्यासाठी मजकूर तुला तिरक्या नजरेने वाचता आला पाहिजे, म्हणजे आदल्या रात्री घरी दोनदा वाचून यायचं. आवाजाची नाटकं फार नकोत. पान उलटण्याआधी थांब, नेहमीपेक्षा जरा जास्त. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडेल, ‘बाई, खाटेखाली मांजर आहे!’ आणि तू बघशील तर खरंच असेल, मजकुरात त्याचा उल्लेख नसेल, तुझ्याही नजरेतून सुटलं असेल. ज्याला अक्षरं ओळखता येत नाहीत तोच बहुधा ते मांजर शोधतो. त्याला त्या दिवशी ते पुस्तक घरी दे. गोष्ट कानावरून गेलेली असते, चित्रं पाठ असतात, मग अक्षरं त्यावर हळूहळू बसतात.

वाचून झालं की पुस्तक मिट. तात्पर्य विचारू नकोस, ‘यातून काय शिकलात?’ तर मुळीच नको. गोष्ट वाचली की पाच वाक्यं लिहून आण म्हणणं म्हणजे पोटभर जेवलेल्या पाहुण्याकडून पानावरच्या पदार्थांची यादी लिहून घेण्यासारखं आहे. लिहिण्याचा तास वेगळा असतो.

बक्षिसांबद्दलही तेच. ‘सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारा विद्यार्थी’ असा फलक लावायचा तुझा बेत आहे. नको लावूस. दुसऱ्याच दिवसापासून कपाटातली सगळ्यात पातळ पुस्तकं गायब होतील, आणि हळू वाचणारी मुलगी शर्यतीतून बाहेर बसेल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग छापला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगून चित्रांसाठी बक्षीस दिलं, तर काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं ती रमून काढत राहिली. आपण मात्र दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतो, कलामांच्या फोटोला हार घालतो, टेबलावर पुस्तकं मांडतो आणि बाजूला एक शिक्षक उभे करतो, कोणी हात लावू नये म्हणून. त्या दिवशी तू निदान हात लावू दे. कार्यक्रमाचे फोटो वर पाठवावे लागतात ते पाठव, त्यात वाद घालत बसू नकोस.

देवघेवीची वही मुलांच्याच हातात दे. चौथीतले दोघं आठवडाभर ग्रंथपाल, मग दुसरे दोघं. तारीख, नाव, दाखल क्रमांक (पुस्तकावर शाळेने घातलेला नंबर), बस. पहिल्या महिन्यात खाडाखोड होईल, आकडे उलटे पडतील. ती वही ऑडिटची नाही, दाखल नोंदवही तुझ्याकडे वेगळी आहेच.

पावसाळ्याचं थोडं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, जून ते सप्टेंबर त्या भिंतीत ओल असते. पुस्तकं दाबून भरू नकोस. डांबराच्या गोळ्या नकोत, लहान मुलं पेपरमिंट समजून तोंडात घालतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेव. पुस्तक घरी नेताना प्लास्टिकची पिशवी सक्तीची, दुधाची धुतलेली चालते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस, ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते आणि खालची अक्षरं घेऊन निघते. पतंगाचा पांढरा पातळ कागद आणि पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल, बोटाने एकदाच फिरवायचा, वर जड दप्तर ठेवून रात्रभर सोडायचं. हे काम मुलांना इतकं आवडतं की काहीजण मुद्दाम फाडतील अशी तुला शंका येईल. आणि कसर, बुरशी लागते ती न हललेल्या पुस्तकांना. जे दर आठवड्याला कोणाच्या तरी दप्तरातून फिरतंय ते कळकट होईल, कोपरे दुमडतील, पण त्याला कसर लागायला वेळच मिळत नाही.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाक, नाहीतर एप्रिलमध्ये कोणी ऐकणार नाही. परीक्षा संपल्या की सगळीकडे पुस्तकं जमा करून घेतात आणि मुलं मे महिन्यात रिकाम्या हातांनी गावी जातात. तू उलटं कर. गाडीला निघायच्या आधी प्रत्येकाला दोन पुस्तकं दे, एक त्याने निवडलेलं, एक तू. नोंद वहीत, पालकांचा फोन नंबर शेजारी, परत द्यायची तारीख शाळा उघडल्यानंतरचा पहिला शनिवार. शाळा सोडून जाणाऱ्या चौथीच्या मुलांना मात्र एकच, आणि ते त्यांच्याकडेच राहू दे. निर्लेखनाच्या यादीत कारण म्हणून ‘वापरातून कमी’ लिही. त्यासाठी वरच्या ठरावात एक ओळ आधीच घालून ठेव, आणि मसुदा मला पाठव. भाषा मी बघून देते.

तुझ्या,
बाई