नागपुरात जुनी डिझेल एसयूव्ही: कमी चाललेली घ्यावी की हायवेवर पळालेली?

तुमच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक २०२१ ची, ३८ हजार किलोमीटर, मालक डॉक्टर, घर ते दवाखाना एवढंच चालवणं. दुसरी २०१९ ची, १ लाख १० हजार, चंद्रपूर-नागपूर ये-जा केलेली. भरवशाची कोणती, हा तुमचा प्रश्न.

सगळे म्हणतील डॉक्टरांची घ्या. मी आधी संशय तिच्यावरच घेईन.

एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषाच्या, आणि त्यातल्या डिझेलवाल्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. त्यात काजळी साठते. ती जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. धरमपेठ ते सीताबर्डीत इंजिन धड तापतही नाही. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, तेवढ्यात गाडी बंद होते आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून पाहा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल, बोटाला पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर तिथूनच परत फिरा.

मग स्कॅनर लावायला सांगा. नुसते एरर कोड नकोत, ते काल रात्रीच पुसलेले असू शकतात. काजळीचं प्रमाण किती आणि शेवटचं रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, किती किलोमीटरमागे झालं, ते वाचून घ्या. आणखी एक फुकटची तपासणी: थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर जाळी फुटली आहे किंवा कोणीतरी काढून फेकली आहे.

२०१९ च्या, जुन्या बीएस-४ निकषाच्या गाडीत ही भानगड बहुधा नसेल. टॉप गिअरमध्ये हायवेवर लाखभर किलोमीटर चाललेलं डिझेल इंजिन म्हातारं नसतं, वेळेवर ऑइल बदललेलं हवं फक्त. पण चंद्रपूर म्हणजे कोळशाची धूळ. एअर फिल्टरचा डबा उघडून इंजिनकडच्या बाजूने बोट फिरवा. तिकडे धूळ सापडली तर ती टर्बोच्या पोटात गेलीच समजा. क्लच आणि सस्पेन्शनही नीट पाहा, पण तो खर्च भावात वळता करता येतो.

दोन्ही गाड्यांना थंड असतानाच सेल्फ मारायचा. मालकाला आधीच सांगा, गरम करून ठेवू नका; पोचल्यावर बोनेटला हात लावून खात्री करा. उन्हाळ्यात मात्र नागपूरची सकाळही तापलेली असते, थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारा ग्लो प्लग कमजोर असला तरी त्यात लपून जातो. रेंगाळणारा पांढरा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनची गडबड, निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण हळूच सैल करा. भकाभक धूर वर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे झिजलेल्या इंजिनातला दाब खाली ऑइलकडे गळतोय, ती गाडी सोडा. मग एसी फुल ठेवून बुटीबोरीपर्यंत जाऊन या आणि परत येताना वर्धा रोडच्या गर्दीत टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा.

नागपूरची म्हणून एक गोष्ट विसरू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या. सीट बेल्ट पूर्ण ओढून तळाशी चिखलाची रेघ आहे का पाहा, सीटखालचे रेल आणि स्टेपनीचा खड्डा गंजलाय का तेही. त्या वर्षाची विम्याची क्लेम हिस्टरी मागा.

मीटर फिरवलेलं ओळखायला टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ३८ हजारांच्या गाडीला चारही टायर नवे असतील तर का, ते विचारा. लोन असेल तर बँकेची एनओसी आल्याशिवाय टोकन देऊ नका. एमपी किंवा दिल्ली पासिंगची गाडी कोणी स्वस्तात दाखवली तर इथला रोड टॅक्स धरूनच हिशेब करा.

डॉक्टरांची गाडी स्कॅनमध्ये स्वच्छ निघाली आणि तुमचं महिन्यातून दोन-तीनदा तरी बाहेरगावी जाणं असेल, तर ती घ्या. शहरातच फिरणार असाल तर चंद्रपूरची पाहा. खरं तर मग पेट्रोलच पाहा.