व्हिसाआधी पोर्टफोलिओ: जर्मनीला येऊ पाहणाऱ्या गेम आर्टिस्टला उत्तर

अडीच वर्षं जाहिरातींसाठी थ्रीडी करतोयस, गेममध्ये एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट, म्हणजे गेममधल्या जागा घडवणारा, व्हायचंय, म्हणून जर्मनीच्या चान्सनकार्टसाठी, म्हणजे तिथे येऊन नोकरी शोधायच्या परवान्यासाठी, कागदपत्रं जमवायला घेतलीस. तेवढ्यात इथल्या एका सीनियर आर्टिस्टने तुझा पोर्टफोलिओ बघून पाच वाक्यांत निकाल लावला आणि गेले आठ दिवस तू ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडलेलं नाहीस. इथली माणसं अशीच बोलतात का, आणि आता यावं की नाही, असं विचारलंयस. ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

यायचं की नाही, ते आधी सांगते. ये, पण आत्ता नको. चान्सनकार्ट १ जून २०२४ पासून सुरू झालं. त्यावर नोकरी शोधायला जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं आणि त्या काळात अर्धवेळ काम करायचं तर आठवड्याला २० तासच. खर्चाची सोय आहे हेही आधीच दाखवावं लागतं. म्हणजे उतरल्या दिवसापासून साठवलेले पैसे आणि दिवस दोन्ही संपायला लागतात. त्यात २०२३ आणि २०२४मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो माणसं कमी केली, त्यामुळे ज्युनियरच्या जागेसाठीही अनुभवी लोक रांगेत असतात. तुला ही टीका घरी बसून ऐकायला मिळाली. मला ती इथे आल्यावर ऐकावी लागली.

मी आले तेव्हा नोकरी शोधायचा व्हिसा सहा महिन्यांचा होता. त्यातले चार संपले होते. एका मेळाव्यात एका लीड आर्टिस्टसमोर मी लॅपटॉप उघडला. माझा सर्वांत लाडका सीन होता, पडक्या गिरणीचा. त्याने पडद्यावरच्या दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘इथून आत कोण जातं?’ मला प्रश्नच कळेना. मग त्याने शेजारच्या पायऱ्या दाखवल्या. पायऱ्यांच्या मापाने दार जेमतेम दीड मीटर भरत होतं. तीन महिने त्या सीनवर राबले होते आणि त्यात एकदाही माणसाची आकृती उभी करून पाहिली नव्हती. ‘बाकीचं बघायची गरज नाही,’ म्हणून त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. परतीच्या ट्रेनमध्ये मी रडले. घरी येऊन त्याचं वाक्य न् वाक्य वहीत उतरवलं, कारण दुसऱ्या दिवशी मला फक्त अपमान आठवला असता आणि दार विसरले असते.

तुझ्या पाच वाक्यांचंही तेच कर. मी त्यांच्याकडे कशी बघते ते सांगते.

‘नॉर्मल मॅप उलटे आहेत.’ नॉर्मल मॅप म्हणजे पृष्ठभागाचे उंचवटे-खोलगे कसे दिसावेत ते सांगणारं चित्र. यात मनाला लावून घेण्यासारखं काहीच नाही. ब्लेंडर तो मॅप ओपनजीएलच्या पद्धतीने बनवतं (बेक करतं), अनरियल या गेम इंजिनला डायरेक्टएक्सची पद्धत लागते, आणि दोन्हींत हिरवा रंगाचा चॅनल एकमेकांच्या उलट असतो. हिरवा चॅनल उलटा राहिला की उजेड चुकीच्या बाजूने पडल्यासारखा वाटतो आणि उंचवटे खोलगट दिसतात. अनरियलमध्ये त्या टेक्स्चरच्या सेटिंगमध्ये हिरवा चॅनल उलटवायची खूण आहे, ती कर. पण सवयीच्या डोळ्याला ही चूक लगेच दिसते, आणि मग तू तुझा सीन इंजिनमध्ये नीट पाहिलाच नाहीस असा अर्थ निघतो.

‘भिंत धारदार, जमीन धूसर.’ हा टेक्सेल डेन्सिटीचा प्रश्न, म्हणजे मीटरभर जागेवर टेक्स्चरचे (वर चढवलेल्या चित्राचे) किती पिक्सेल पडतात त्याचा. मीटरमागे ५१२ पिक्सेल ठरव नाहीतर १०२४, पण जे ठरवशील ते सगळ्या सीनला लाव. बुद्धिबळाच्या पटासारखं चेकर टेक्स्चर टाकून बघ, चौकोन लहानमोठे दिसले की चूक कुठे आहे ते कळेल.

‘सगळं सारखंच झिजलंय.’ हे वाक्य मला पाचांत सगळ्यात मोलाचं वाटतं. स्मार्ट मटेरियल, म्हणजे आपोआप झीज दाखवणारा तयार थर, ओढून टाकला की प्रत्येक कडेचा रंग उडतो. खरं दार मात्र हात लागतो तिथे झिजतं. गंजाचा ओघळ खिळ्याखालून सुरू होतो, कारण पाणी तिथे थांबतं. प्रत्येक डागाला ‘तू इथे कशामुळे आलास’ असं विचारायला लाग. याला आठवडे लागतील, आणि तुझं काम खऱ्या अर्थाने बदलेल ते इथेच.

‘चौदा सीनपैकी एकच ठेव’ हे ऐकायला जड जातं, पण मीही तेच सांगेन. बघणारा तुझी पात्रता सर्वांत कच्च्या कामावरून ठरवतो. नवे धरून तीन-चार सीन पुरेत, सोबत वायरफ्रेम (मॉडेलचा रेषांचा सांगाडा) आणि टेक्स्चरची पानं जोड.

राहिलं ‘दहा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचं काम वाटतं’. यातून दुरुस्त करण्यासारखं काही हाती लागत नाही, तेव्हा ते सोडून दे. कुणी बोट ठेवून दाखवलं तर ते घ्यायचं. नुसता शेरा मारला तर तो त्याच्यापाशी. आणि आवडीनिवडीचं मत एकाने दिलं तर थांब, तिघांनी तेच म्हटलं तर हलायचं.

आता माणसांबद्दल. हो, इथे सरळ बोलतात. दक्षिणेकडच्या श्वाबेन भागात तर म्हणच आहे, की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. शिवाय तो आणि तू दोघंही परक्या भाषेत, इंग्रजीत बोलत होतात. परक्या भाषेत बोलताना माणूस आडपडदा गाळतो, ऐकणाऱ्याला ते बोलणं घावासारखं लागतं. मला हे कळायला वर्ष गेलं. नोकरीत रोजच्या रिव्ह्यूमध्ये अशीच वाक्यं येतात आणि बोलणारा नंतर तुझ्याचबरोबर जेवायला बसतो. पण तुझ्या रंगावर, देशावर, उच्चारावर कुणी घसरलं, तर त्याला सरळपणा म्हणू नकोस आणि सहनही करू नकोस.

त्या आर्टिस्टला आज दोन ओळी लिही. आभार मान आणि यातलं काय दुरुस्त करणार आहेस ते सांग. खुलासे देऊ नकोस, ‘घाईत केलं होतं’ हे तर मुळीच नको. दीड-दोन महिन्यांनी तोच सीन, आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी ठेवून, त्यालाच पाठव. गिरणीचं दार मोठं करून मी त्या लीडला पाठवलं होतं. नोकरी त्याच्याकडे नव्हती, पण त्याने आणखी सात चुका लिहून धाडल्या. त्या दुरुस्त केलेल्या सीनवरच मला दुसरीकडे मुलाखतीला बोलावलं.

कागदपत्रं जमवत राहा, त्यांना तसाही वेळ लागतो. अर्ज मात्र दोन नवे सीन तयार झाल्यावरच कर. आज रात्री ब्लेंडर उघड आणि तुझ्या त्या विटांच्या गल्लीच्या सीनमध्ये १८० सेंटीमीटरची आकृती दारापाशी उभी कर. तो स्क्रीनशॉट मला पाठव, मी बघेन आणि दिसेल ते तसंच सांगेन.