ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) सरावाच्या ग्रुप कॅम्पला एकटं जाण्यात अर्थ आहे का? तिथल्या ओळखी पुढे टिकतात का?

जा, आणि एकटेच जा. तुम्ही लिहिलंय की आजवरचा सगळा सराव एकट्यानेच झालाय, वेग बेताचा आहे आणि कॅम्पला सगळे मुरलेले लोक आले तर आपण मागे पडू अशी धास्ती वाटते. मागे पडालही. पण मागे पडणारे तिथे दोन-तीन जण तरी असतातच, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात पक्क्या ओळखी शेपटीकडेच होतात. पुढच्यांना बोलायला दम उरत नाही.

आठवडाभराच्या कॅम्पने वेग वाढेल ही अपेक्षा मात्र घरीच ठेवा. शरीर सुधारतं ते व्यायामानंतरच्या विश्रांतीत. कॅम्पात नुसता थकवा साठतो, त्याचं फळ नंतर दिसतं, तेही परत आल्यावर नीट झोपलात तर. कॅम्पला जायचं ते एकट्याने शिकता येत नाही ते शिकायला, आणि माणसांसाठी.

खरं तर हा खेळ एकट्याचाच. ऑलिंपिक अंतर म्हणजे 1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी धावणं. हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत सायकलवर पुढच्याच्या पाठी चिकटून वारा चुकवायला मनाई असते. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकांना 12 मीटर अंतर सोडावं लागतं, नाहीतर पंच दंड करतात. म्हणजे शर्यतीच्या दिवशी सायकलवर गप्पा नाहीत, सोबत नाही. सोबतीचा सगळा भाग सरावातच उरकून घ्यावा लागतो. कदाचित म्हणूनच हे लोक सरावात इतके बडबडे असतात.

मैत्रीची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या संध्याकाळी, खोक्यातून सायकली बाहेर काढताना होते. सगळे जमिनीवर बसलेले, हातात ॲलन की, हाताला चेनचं काळं. कोणाचा तरी गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरचा हँगर प्रवासात वाकलेला असतो, कोणाचा तरी सीटचा बोल्ट हरवलेला असतो. माझ्या शेजारी एक बाई डाव्या पेडलशी झटत होत्या. आटे पकडेनात तशा त्या आणखी जोर लावायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा, क्रँकचे आटे जातील. डावं पेडल उलटं फिरवून बसतं." त्यांनी बोटांनीच हलकेच उलटं फिरवलं, ते लोण्यासारखं आत गेलं. त्या पेडलकडे बघत म्हणाल्या, "हे कोणी सांगत का नाही?" मग त्यांनी माझं हँडलबार धरून ठेवलं आणि मी स्टेम आवळला. जेवणाच्या वेळेपर्यंत आम्ही अगं-तुगंवर आलो होतो. अशी ओळख एरवी व्हायला सहा महिने लागतात.

दुसऱ्या दिवशी पाणी. थंड पाण्यात वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घालावा लागतो आणि त्याची चेन बहुधा पाठीवर असते. दोरी असते तिला, पण मानेपाशी ती अडते ती अडतेच. त्यामुळे सकाळी सकाळी काठावर सगळे एकमेकांसमोर पाठ करून उभे. पाण्यात कोच तिघा-तिघांना खांद्याला खांदा लावून बोयाभोवती, म्हणजे खुणेच्या तरंगत्या फुग्याभोवती, वळायला लावतात. सायकलवर मनाई असली तरी पाण्यात दुसऱ्याच्या पायामागे पोहायला पूर्ण मुभा आहे आणि त्याने ताकद चांगलीच वाचते, पण पाय दिसतील इतकं जवळ राहायचं म्हणजे अधूनमधून लाथ बसणारच. ज्यांच्यासोबत रात्री जेवलो त्यांच्याच लाथा खाल्ल्या की शर्यतीतल्या अनोळखी लाथांचं भय निम्मं होतं. तलावात एकट्याने कितीही फेऱ्या मारा, हे शिकता येत नाही.

सायकलचं थोडक्यात सांगते. घोळक्यात एअरो बारवर (कोपरं टेकून पुढे झुकायचे दांडे) झोपायचं नाही, कारण हात ब्रेकपासून लांब जातात. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि ओरडायचं. पंक्चर झालं तर सगळ्यांनी थांबायचं. आमच्या गटात पन्नाशीचे एक काका होते. एका मुलाचं मागचं चाक बसलं, त्याने घाईघाईत ट्यूब बदलायला घेतली. काका म्हणाले, "नवी घालू नकोस रे, आधी टायरच्या आतून बोट फिरव. हळू." तारेचा केसाएवढा तुकडा निघाला. तो तसाच राहिला असता तर नवी ट्यूबही किलोमीटरभरात गेली असती. बाकीचे उन्हात उभे, कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. माणूस कसा आहे ते अशा दहा मिनिटांत कळतं. कोण पंप पुढे करतो आणि कोण "मी सावकाश पुढे होतो" म्हणून सटकतो, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून थकवा इतका असतो की कोणाला नाटक करायचं त्राण उरत नाही. सायकलवरून उतरून लगेच धावायचं, ज्याला ब्रिक म्हणतात, तेव्हा पाय दुसऱ्याचेच वाटतात. अशा वेळी बोलता येईल इतक्याच वेगाने दोघं शेजारी शेजारी पळत असली की लोक बोलायला लागतात. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते पळताना निघतं: नोकरी गेली आहे, वडिलांचं आजारपण, घरी पटत नाही. सल्ला कोणी देत नाही. चढ लागला की गप्प, उतार लागला की पुन्हा सुरू.

सगळेच काही जिवलग होत नाहीत. प्रत्येक चढाची शर्यत करणारा एक जण असतोच, आणि जेवतानाही वॅट आणि हृदयगतीशिवाय विषय नसलेला दुसरा. पहिल्या दिवशी त्यांच्या नादी लागू नका, चौथ्या दिवशी तेच बहुधा थकून कॅम्पच्या गाडीतून येतात.

टिकतात का, तर बहुतेक ओळखी टिकत नाहीत. महिनाभर ग्रुप वाजतो, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता उरतो. यात वाईट वाटून घेण्यासारखंही काही नाही. टिकल्या त्या अशा, की निघायच्या आधीच पुढची शर्यत एकत्र ठरवली होती. हा खेळ गप्पांमधून पुढे सरकतो हे काही नवं नाही. पहिल्या आयर्नमॅनची कल्पना हवाईत एका धावण्याच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभातल्या वादातून निघाली: जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारे, धावणारे की सायकलवाले? 1978 मध्ये 15 जण उतरले, 12 जणांनी ती पूर्ण केली. तेव्हा शेवटच्या रात्रीच्या गप्पांत कोणी "चला, करू या" म्हणालं तर तिथल्या तिथे तारीख ठरवा. घरी गेल्यावर बघू म्हणालात की संपलं.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना एवढं विचारा: गट वेगाप्रमाणे पाडतात का, सायकलवर सगळ्यात शेवटच्या माणसासोबत कोणी राहतं का, पाण्यात किती जणांमागे एक कोच आणि सोबत बोट किंवा कयाक असते का. शेवटच्या माणसाबद्दलचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा कॅम्प शोधा. सामानात ट्यूब एक जास्तीची घ्या, ती बहुधा दुसऱ्याच्याच चाकात जाते. आणि परत आल्यावर पहिले चार-पाच दिवस हलकंच ठेवा. त्या आठवड्यात ग्रुपवर कोणी लांब राइडचे आकडे टाकले तर अंगठा दाखवा आणि झोपायला जा.