दाबपट्टे पाठ करण्याआधी

पृथ्वीवरच्या हवेच्या कमी-जास्त दाबाच्या पट्ट्यांची नावं घोकायला घेतलीत ना? थांबा. आधी कोऱ्या कागदावर एक गोल काढा आणि हवेचा प्रवास बाणांनी दाखवा. विषुववृत्तावर हवा तापते, हलकी होऊन वर जाते, म्हणून खाली कमी दाब. वर गेलेली हवा ध्रुवांकडे सरकते आणि 30 अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाऊन तापते, कोरडी पडते. सहारा तिथेच का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. 60 अंशांजवळचा कमी दाब मात्र जमीन तापल्यामुळे नाही. इथे बहुतेक जण घसरतात, मीही घसरलो होतो. तिथे ध्रुवाकडच्या थंड हवेवर उबदार हवा चढते. आणि हो, कागदावरच्या रेघा पेन्सिलीनेच मारा. सूर्यामागोमाग हे पट्टेही उत्तर-दक्षिण सरकतात.