शून्यानंतरचे दोन आकडे

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. साओ पावलोच्या एका व्यापाऱ्याच्या कार्डावर कंसात शून्य, इंग्रजी एक्स दोनदा, ११ आणि पुढे आठ आकडी नंबर छापलाय. एक्सच्या जागी काय दाबायचं? सोलापूरहून फोन लागतच नाही. लवकरच तिकडे जायचंही आहे.
— एक कारखानदार

उत्तर : सोलापूरहून एक्सच्या जागी काहीच दाबू नका. तो शून्यही गाळा. ००, ब्राझीलचा ५५, साओ पावलोचा ११ आणि मग नंबर, एवढंच. मोबाइल नंबर तिथे नऊ आकडी असून ९ ने सुरू होतो. कार्ड जुनं असून मोबाइलचे आठच आकडे असतील, तर त्यांच्याआधी ९ लावून पाहा.

ते एक्स तिथे राहणाऱ्यांसाठी आहेत. १९९९ पासून ब्राझीलमध्ये परगावी फोन लावताना फोन कंपनी दर कॉलला ग्राहकच निवडतो. क्रम असा : शून्य, कंपनीचा कोड, गावाचा कोड, नंबर. व्हिवोचा कोड १५, टिमचा ४१, क्लारोचा २१. गंमत म्हणजे रिओचा गावकोडही २१. त्यामुळे क्लारोवरून रिओला लावताना ० २१ २१ असं येतं. चुकून दोनदा पडलं असं समजून एक २१ काढलात, की यंत्रणा नंबराचे पहिले दोन आकडे गावकोड म्हणून वाचते आणि कॉल फसतो. गावातल्या गावात मात्र नुसता नंबर पुरतो.

तिथलं प्रीपेड सिम घेतलंत तर त्याच कंपनीचा कोड वापरा. दुसरीचा टाकलात तर कॉल नाकारला जाऊ शकतो किंवा पॅकबाहेरचा दर लागू शकतो. कारखान्याच्या लँडलाइनवर बोलायचं असेल तर ००, कंपनीचा कोड, ९१, २१७ आणि सात आकडे. ०२१७ मधला शून्य जातो. आपलंच सिम रोमिंगवर असेल तर नंबर अधिक चिन्हासह ५५ पासून साठवा, कंपनीचा कोड नको.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. घरी लँडलाइन आहे. १०१० ने सुरू होणारा कोड लावला की भारतात स्वस्तात बोलता येतं म्हणतात. खरं का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : एके काळी खरं होतं. १९८४ मध्ये एटी अँड टी या फोन कंपनीची मक्तेदारी फुटल्यावर दुसरी कंपनी निवडण्यासाठी हे कोड आले. आधी पाच आकडी होते, १९९८ मध्ये सात आकडी झाले. कोड, ०११, ९१ आणि मग आपला नंबर, अशा क्रमाने लावतात. खोच दरात असे. अमेरिकेतल्या अमेरिकेत बोलण्यासाठी १०१०२२० ची जाहिरात होती : २० मिनिटांपर्यंत ९९ सेंट. म्हणजे पलीकडे आन्सरिंग मशीनने उचलला आणि अर्ध्या मिनिटात ठेवला, तरी ९९ सेंट गेलेच! शिवाय मोबाइलवर हे कोड सहसा चालत नाहीत. लँडलाइनवर ठरलेली कंपनी कोणती, हे १-७००-५५५-४१४१ लावल्यावर कळतं. पण आता या भानगडीत पडण्यात अर्थ नाही, इंटरनेटवरून बोला.

प्रश्न : आपल्या लँडलाइनवर दर कॉलला कंपनी निवडायची सोय का नाही?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : परगावी फोनची सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली तेव्हा कोडने निवड देण्याचं घाटत होतं, पण ते ग्राहकापर्यंत आलं नाही. आपला एसटीडी कॉल कोणाच्या जाळ्यातून न्यायचा, हे आपली फोन कंपनीच ठरवते.