रात्री एकट्याने बाईकवर निवांत फिरायला जाणं विचित्र आहे का? मुंबईत कुठे जावं?

विचित्र अजिबात नाही. हा प्रश्न आमच्या दादाने मला इतक्यांदा विचारलाय की वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलो. खोली १६० चौरस फुटांची, माणसं सात, संडास सामायिक. तिथे एकटं बसायला जागाच नसते. जिन्यात जाऊन बसलात तरी कोणीतरी येऊन विचारणार, काय झालं रे? म्हणून सगळे झोपले की चपला हातात घेऊन, अंथरुणांमधून वाट काढत मी बाहेर पडायचो. गाडी गेटपर्यंत ढकलत न्यायची, तिथे किक मारायची.

महालक्ष्मी, हाजी अली, मग पेडर रोडचा चढ. केम्प्स कॉर्नरवरून उतरून बाबुलनाथ मागे पडलं की खारा वारा अंगावर येतो. तिथून मरीन ड्राइव्हने नरिमन पॉइंटपर्यंतचे साडेतीन किलोमीटर तिसऱ्या गिअरच्या वर जायचंच नाही. सायकलवरच्या चहावाल्याकडे कटिंग घ्यायची, कट्ट्यावर बसायचं, परत.

एकदा हाजी अलीला नाकाबंदीत अडवलं. हवालदार म्हणाले, "कुठे निघालात?" म्हटलं, "कुठे नाही, फिरतोय." "एकटेच?" कागद पाहिले, तोंडाचा वास घेतला, साइड बॉक्स उघडायला लावला. आत फडकं आणि पाना. तरी त्यांना पटेना. शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "घरी भांडलायत का?" नाही म्हटल्यावर "सावकाश जा" म्हणून सोडलं. माणूस चांगला होता.

दादाला हे कळलं आणि त्याने तेच धरून ठेवलं. पोलिसांनाही संशय आला, बघ! त्याच्या मते रात्री बिनकामाचा बाहेर असलेला माणूस एकतर प्यायलेला, नाहीतर कोणाच्या तरी नादी लागलेला. दादा स्वतः रविवारची अख्खी दुपार कॅरम क्लबात काढतो, त्याला कोणी कारण विचारत नाही. चौघांनी मिळून वेळ घालवला तर चालतो, एकाने गप्प बसून घालवला की घराला घोर लागतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

आता तुमचा रस्ता. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, जे. जे. पूल, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे, तिकडे वळूच नका. मी वर सांगितलेला रस्ताच घ्या. शनिवारी रात्री नको, स्टंटवाली पोरं असतात. पावसाळ्यात भरतीची वेळ बघून निघा, लाटांनी मरीन ड्राइव्हवर पाणी आणि वाळू येते, ब्रेक दाबला की चाक सरकतं. डोळ्यांवर झोप असेल तर गाडी काढू नका. ग्रुपने जायचं असेल तर खुशाल जा, पण मग ते निवांत नसतं, पुढच्याला गाठत बसावं लागतं.

आणखी एक. मी पुरुष आहे, त्यामुळे माझी चौकशी दोन मिनिटांत संपली. विचारणारी बाई असेल तर रस्ता तोच, पण त्रास जास्त होऊ शकतो, हे मला मान्य आहे.

निघताना घरी एकाला तरी कुठे जाताय ते सांगा. कशाला जाताय ते सांगायला तुम्ही बांधील नाही. आमचा दादा हे वाचत असेल तर त्यालाही माझं हेच सांगणं आहे.