आधी एमआरआय, मग सुई: रेडिओलॉजी निवडू का?

प्रश्न : मी एमबीबीएसच्या अंतिम वर्षात आहे. आजोबांच्या मांडीतली गाठ चरबीची समजून एमआरआय न करताच काढली गेली. नंतर ती सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कर्करोग) निघाली आणि दुसऱ्यांदा मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हापासून रेडिओलॉजीची ओढ आहे. घरचे म्हणतात, अंधाऱ्या खोलीत बसून फोटो पाहायला डॉक्टर कशाला व्हायचे?

उत्तर : तुमच्या आजोबांच्या बाबतीत तपासण्यांचा क्रम चुकला, आणि तो क्रम सांभाळणे हे अशा गाठींच्या बाबतीत रेडिओलॉजिस्टचे मोठे काम आहे. प्रौढांच्या कर्करोगांत मऊ ऊतींच्या सार्कोमाचे प्रमाण जेमतेम १ टक्का असल्याने ‘चरबीची गाठ आहे, काढून टाकू’ असे सहज म्हटले जाते. परंतु गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी, वाढणारी किंवा स्नायूच्या आवरणाखाली खोल असेल, तर आधी एमआरआय आणि मगच बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे, व्हावी, कारण सुईनंतर साकळलेले रक्त आणि सूज यांमुळे चित्र गढूळ होते. सुई कोठून घालायची हेही सर्जनशी बोलूनच ठरवावे लागते. पुढे तो मार्ग गाठीसोबत काढावा लागू शकतो.

आता ‘फोटो पाहणे’ म्हणजे काय ते पाहा. एमआरआयमध्ये साधा लायपोमा, म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ, त्वचेखालच्या चरबीइतकाच उजळ दिसतो आणि फॅट सप्रेशन (चरबीची चमक दाबणारे तंत्र) केल्यावर तिच्याबरोबरच काळा पडतो. त्या काळ्यात जाड पडदे किंवा उजळ गोळा उरला, तर शंका घ्यावीच लागते. मिक्झॉइड, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाने भरलेला, सार्कोमा तर पाण्याच्या पुटीसारखा चकाकतो, आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, चित्र स्पष्ट करणारे औषध) न देता ‘सिस्ट’, म्हणजे साधी पुटी, असा रिपोर्ट गेला, की रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. हे काम डॉक्टरचेच आहे, हे घरच्यांना निःसंकोच सांगा.

मात्र गाठीचे अंतिम नाव तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा पॅथॉलॉजिस्ट ठरवतो; तुमची ओढ त्या नावाकडे असेल, तर एमडी पॅथॉलॉजीचाही मनापासून विचार करावा. दोन्हींसाठी नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि पुढे ३ वर्षे आहेत; रेडिओलॉजीच्या जागांसाठी चुरस फार असते, हे लपवून तुमचे भले होणार नाही.

इंटर्नशिपमध्ये अशा एका रुग्णासोबत ओपीडीपासून एमआरआय, बायोप्सी आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टपर्यंत जा, आणि कोणत्या खोलीतून तुमचा पाय निघत नाही ते मला कळवा.